काढलं, मावशी

कृष्णाबाईला राग आला की खारवाडीतली कुत्रीसुद्धा वाट सोडतात. आणि राग यायला तिला फार काही लागत नाही. एसटी दहा मिनिटं उशिरा आली, कंडक्टरने सुक्या मासळीच्या टोपलीला नाक मुरडलं, गिऱ्हाइकाने बोंबील हातात घेऊन कडकन मोडून बघितला, एवढं पुरे होतं. पण त्या जानेवारीत तिला जो राग आला तो नेहमीचा नव्हता. तो खरा होता, आणि तिच्या जागी तुम्ही असता तर तुम्हालाही आला असता.

मुरुडहून आगरदांड्याकडे जाताना समुद्राच्या कडेला ही खारवाडी. शंभरेक घरं, पुढे वाळू, आणि वाळूच्या अलीकडे बायांचं खळं. खळं म्हणजे मासळी वाळवायची जागा: बांबूच्या वलांडी बांधून त्यावर बोंबील लटकवायचे, खाली सारवलेल्या जमिनीवर जवळा पसरायचा. कृष्णाबाई साठीला टेकलेली. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगा भावेश बोटीवर, महिन्यातले वीस दिवस पाण्यात. घरात ती आणि सून अमिषा. चाळीस वर्षं या बाईने त्या खळ्यावर मासळी वाळवली आणि टोपलीत भरून मुरुडच्या आणि तळा गावच्या बाजारात नेऊन विकली. त्यावर मुलगा शिकवला, घरावर स्लॅब टाकला, आणि रेकॉर्ड करणारा डिशचा डबा घेतला.

डबा घेण्यामागेही रागच होता. तळ्याच्या बाजारावरून घरी पोचेपर्यंत रात्रीचे नऊ व्हायचे आणि आठची मालिका हुकायची. सकाळी नळावर विचारलं की प्रत्येक बाई वेगळीच गोष्ट सांगायची. शेजारची केसर तर स्वतःच्या मनाने मालिकेतल्या सासूला मारून मोकळी व्हायची. "मेलीनं जिवंत बाय मारली!" म्हणून कृष्णाबाई तणतणली आणि दुसऱ्याच दिवशी सदा डिशवाल्याला बोलावणं धाडलं.

सदाला त्या पट्ट्यात कोण ओळखत नाही! पन्नाशीचा, काटकुळा, मोटरसायकलला शिडी बांधून फिरणारा. खारवाडीतली प्रत्येक डिश त्याने लावलेली. खारा वारा चार महिन्यांत नट खातो, म्हणून तो ग्रीसचा डबा घेऊन गच्चीगच्चीवर चढायचा. तो मूळचा तळ्याकडचा, डोंगरातला. त्याला समुद्र ठाऊक होता तो लोखंड गंजवणारा म्हणून, बाकी मासळीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. त्याने कृष्णाबाईला पहिला डबा बसवून दिला, एकशेसाठ जीबीचा. "मावशी, हे लाल बटण दाबलं की डबा मालिका धरून ठेवतो. तुम्ही वाटेल तेव्हा बघा."

धरून ठेवतो हा शब्द तिला पटला. जाळं मासळी धरतं, डबा मालिका धरतो. सहा महिने ती खूश होती. मग एके दिवशी बघते तर जुने भाग गायब. सदा म्हणाला, डबा भरला की तो आपलाआपणच जुनं पुसतो आणि नव्याला जागा करतो.

"मला न इचारता?"

"मशीन आहे मावशी ते."

"मशीन हाय तर घर माझं हाय ना! उद्या माझ्या घरात पावना आला आनि जागा न्हाय म्हनून त्यानं मलाच बाहेर काढली तर?"

यावर सदाने दोन गोष्टी केल्या. तिला पाचशे जीबीचा मोठा डबा दिला, आणि कुलूप शिकवलं. हवं ते रेकॉर्डिंग निवडायचं, पिवळं बटण दाबायचं, बाजूला छोटं कुलूप उमटतं, मग डबा त्याला हात लावत नाही. पाचशे जीबीत शेकड्याने मालिका आल्या नि गेल्या, पण कृष्णाबाईने कुलूप लावलं ते एकाच रेकॉर्डिंगला.

ते असं. एका मराठी वाहिनीवर कोकणातल्या सुक्या मासळीवर वीस मिनिटांचा कार्यक्रम झाला होता. वाहिनीची माणसं दोन दिवस खारवाडीत होती, खळं सगळं चित्रात आलं. त्यात कृष्णाबाई कॅमेऱ्यासमोर तावातावाने बोलली की खळ्यावर गाड्या लावतात, मासळीवर धूळ उडते, कोणी बघतं का? आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या तहसील कचेरीतल्या त्या वेळच्या मोठ्या साहेबांनी सगळ्या महाराष्ट्राच्या देखत सांगितलं, "ही जागा या भगिनींची मासळी वाळवण्याची आहे. इथे दुसरं काही होणार नाही." हे वाक्य ऐकायला खळ्यावरच्या बाया दर शिमग्याला तिच्या घरी जमत आणि साहेब बोलून झाले की टाळ्या वाजवत. वाहिनी पुढे बंद पडली. साहेब बदलून गेले. बोललेलं राहिलं ते कृष्णाबाईच्या टीव्हीखाली, कुलपात.

जानेवारीत खळ्यावरच्या माडाला कोणीतरी कागद चिकटवला. अमिषाने वाचून दाखवला. सदर मोकळ्या जागेवर पर्यटकांसाठी वाहनतळ करण्याचे योजिले आहे. कुणाची हरकत असल्यास पुढच्या बुधवारी तहसील कचेरीत सुनावणीला पुराव्यासह हजर राहावे.

"मोकळी?" कृष्णाबाई त्या कागदाच्या इतकी जवळ गेली की बायांना वाटलं आता त्याला चावतेय. "चाळीस वर्षं पाठ मोडली हितं आमची, आनि मोकळी? वलांडी दिसल्या न्हाय? डोळं काय फुटलं व्हतं लिवनाऱ्याचं?"

खळं गेलं तर काय होतं हे तिथे कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. ओली मासळी व्यापारी देईल त्या दराने त्याच दिवशी फुंकायची आणि घरी बसायचं. सुकी मासळी म्हणजे बायांचा स्वतःचा धंदा, स्वतःच्या हातातली कमाई, आणि त्याला उन्हातली सपाट जमीन लागते. गच्चीवर बोंबील वाळत नाही, कुजतो. केसर तिथेच मटकन बसली आणि रडायला लागली.

"रडतेस काय गो? पुरावा मागतायत ना? पुरावा माझ्या टीव्हीखाली हाय!" कृष्णाबाई गरजली, आणि सगळ्या बायांचे चेहरे उजळले.

अमिषा म्हणाली, टीव्ही चालू करून मोबाईलवर शूटिंग करून घेऊ, म्हणजे कचेरीत दाखवता येईल. चांगली पोर, डोकं चालतं तिचं. पण तिच्या मोबाईलची काच फुटून कॅमेरा बंद पडलेला, आणि भावेश रविवारी बोटीवरून येणार होता. म्हणाली, रविवारी त्याच्या मोबाईलवर करू.

आणि शुक्रवारी कंपनीचा निरोप आला. प्रिय ग्राहक, तंत्रज्ञान बदलल्यामुळे आपला जुना बॉक्स उद्यापासून बंद होत आहे. नवा बॉक्स विनामूल्य, दुप्पट जागा. आमचा प्रतिनिधी आज येईल.

आता बघा, लोकांचं चाललेलं मोडायची यांना कसली घाई असते! डबा धडधाकट, चित्र स्वच्छ, बाईची तक्रार नाही. पण वर आभाळात कुठेतरी यांनी सिग्नल पाठवायची रीत बदलली, म्हणून खाली खारवाडीत कृष्णाबाईचा डबा एका रात्रीत म्हातारा झाला.

सदा दुपारी नवा डबा घेऊन आला. "एक टीबीचा आहे मावशी."

"टीबी? मुडद्या, माझा सासरा टीबीनं गेला, आनि तू घरात टीबी आनतोस?"

सदा हसला. टीबी म्हणजे हजार जीबी, दोनशे सिनेमे मावतात, असं त्याने सांगितलं. जुना डबा कंपनीचा, तो परत जाणार. कृष्णाबाई एका पायावर उभी होती, कारण खळ्यावर सकाळपासूनचे बोंबील उलटायचे होते आणि ऊन थांबत नव्हतं. टोपली कमरेला लावून दारातूनच तिने बजावलं, "डबा उचलायच्या आदी माझं ते खळ्याचं काढ. कुलूपवालं. इसरू नको. पयलं ते काढ, मंग बाकीचं."

"काढतो मावशी."

"नक्की?"

"आत्ता काढतो."

संध्याकाळी खळ्यावर जाऊन त्याने स्वतः सांगितलं, "काढलं, मावशी." ती म्हणाली, "देव तुजं भलं करो," आणि त्याला ओंजळभर जवळा बांधून दिला.

आता या एका शब्दात सगळं बुडालं. कोळ्याच्या घरात मासळी काढतात ती जाळ्यातून. काढायची म्हणजे अलगद सोडवायची, सडायच्या आत बाहेर घ्यायची, टोपलीत ठेवायची. काढलं म्हणजे वाचलं. काढ म्हटल्यावर दुसरा अर्थ कृष्णाबाईच्या सात पिढ्यांत कोणाला सुचला नसता. आणि सदा घरोघर डबे बदलणारा. डबा परत जातो म्हटल्यावर गिऱ्हाईक त्याला रोज सांगतं, आमचं लग्नाचं काढ, आमचं ते काढ, परक्याच्या हाती नको. काढ म्हणजे पुस. त्याला वाटलं, बाईमाणूस, स्वतः टीव्हीवर आलेली, दुसऱ्या कोणी बघू नये असं वाटत असेल. त्याने कुलूप उघडलं, मान राखून, काळजीपूर्वक पुसलं, आणि काढलं म्हणून सांगायलाही आला.

शनिवारी सहा वाजता बाया जमल्या. बुधवारी साहेबांपुढे काय दाखवायचं ते एकदा नजरेखालून घालायचं होतं. कृष्णाबाईने पदर खोचून रिमोट हातात घेतला. नवा डबा चकचकीत. पडद्यावर अक्षरं आली, अमिषाने वाचली: एकही रेकॉर्डिंग नाही. जागा शंभर टक्के शिल्लक.

"दुसरीकडं बघ."

अमिषाने सगळीकडे बघितलं. मग सदाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"सदा, ते खळ्याचं कुठं ठेवलंस रं?"

"ठेवलं? मावशी, तुम्हीच काढायला सांगितलंत ना. पुसलं मी ते."

खोलीतल्या साऱ्या बाया कृष्णाबाईकडे वळल्या. मग कृष्णाबाईच्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिता येणार नाही. सदाचे वाडवडील, त्याची डिश, त्याची शिडी, कंपनी, उपग्रह, उपग्रह वर सोडणारे, सगळ्यांचा उद्धार झाला. सदा मध्ये म्हणत होता, "मावशी, ऐका तर, मी ते—" पण ऐकतंय कोण! तिने फोन बंद केला आणि तशीच भिंतीला टेकून खाली बसली. "माझ्याच हातानं दिलं," ती म्हणाली. "जवळा बांधून दिला त्याला, वर."

रविवारी भावेश आला, त्याच्या मोबाईलचा कॅमेरा उत्तम होता, आणि चित्र काढायला आता काही नव्हतं. सोमवारी सकाळी कृष्णाबाई अमिषाला घेऊन मुरुडला डिश कंपनीच्या एजन्सीत गेली. एजन्सीवाल्याचं दुकान बाजारात. कोपऱ्यात जुन्या डब्यांची पोती रचून ठेवलेली, जुन्या डब्यांच्या वायरी बाहेर लोंबत होत्या.

"त्यात माझा डबा हाय. तो दे."

"तो आता कंपनीचा आहे आजी."

"डबा घाल कंपनीच्या मढ्यावर! आतलं माझं हाय. माझ्या घरात, माझ्या टीव्हीवर, मी बटन दाबून धरलेलं."

एजन्सीवाला शांतपणे म्हणाला की आतलंही कंपनीचंच असतं, कुलपात बांधलेलं असतं, त्या डब्याबाहेर ते कुठेच चालत नाही, आणि कार्ड बंद झालं की त्या डब्यातही चालत नाही. शिवाय पुसलेलं परत येत नाही. फार तर कंपनीला फोन करा.

म्हणजे ऐका. दहा वर्षं बाईने दर महिन्याला वर्गणी भरली, बटण तिने दाबलं, वीज तिची जळली, आणि धरलेलं तिचं नव्हतंच. मग धरून ठेवतो असं कशाला सांगितलं? आणि दुप्पट जागा, दुप्पट जागा म्हणून ढोल कशाला पिटता? त्या जागेत ठेवायचं काय, तर जे तुम्ही उद्या उचलून न्याल ते! घरातलं एकमेव जपलेलं गेलं आणि मोकळी जागा मात्र हजार जीबी.

अमिषाने फोन लावला. मराठीसाठी दोन दाबा. नव्या बॉक्ससाठी एक दाबा. पंधरा मिनिटं वाजंत्री वाजली. मग एक मुलगी गोड आवाजात म्हणाली की तुमची अडचण मी समजू शकते, परंतु आमच्या नियमांप्रमाणे रेकॉर्डिंग दुसऱ्या बॉक्सवर नेण्याची सोय उपलब्ध नाही. "आपल्या नव्या स्टोरेजचा अनुभव एक ते पाचमध्ये कसा सांगाल?"

कृष्णाबाईने फोन सुनेच्या हातातून घेतला. "पोरी, तुझ्यावर माजा राग न्हाय. तुला पगार देतात ते बोलायला. पन वर जो बसलाय ना तुझा, त्याला सांग, खारवाडीची कृष्णाबाय म्हनते, शून्य दाबायचं बटन पन ठेव."

बाहेर पडते तर समोर सदा, शिडी लावलेली मोटरसायकल स्टँडवर घेत होता. झालं! भर बाजारात तिने त्याला धरलं. "मावशी, मला एक सांगायचं—" तो म्हणाला. "तू काय सांगनार रं? तुझ्या तोंडानं आमच्या आठ घरांच्या चुली इझवल्यास तू!" भाजीवाल्या उठून बघायला लागल्या. तो पुन्हा म्हणाला, "मी ते बघि—" पण तिने हातातली रिकामी टोपली त्याच्या मोटरसायकलवर आदळली. सदा मान खाली घालून उभा राहिला. मंगळवारी तो घरापर्यंत आला, तर तिने दार लावून घेतलं. अमिषा म्हणालीसुद्धा, "आई, काय म्हणतोय ते बघू तरी." "काय बघायचं? माफी मागायला आलाय. माफीवर बोंबील वाळतात काय?"

बुधवारी कचेरीत आठ बाया बाकावर बसल्या. साहेब तरुण होते, वाईट नव्हते, पण त्यांच्यापुढे फाईल होती आणि फाईलीत खळं नव्हतं. ते म्हणाले, नकाशावर ही जागा पडीक दिसते. मासळी वाळवता याचा काही कागद? फोटो? तारीख असलेलं काहीही? फोटो अमिषाने दोन आणले होते, पण ते या वर्षीचे. साहेब म्हणाले, हे तर नोटीस लागल्यावरही काढता येतात.

कृष्णाबाई उठली. "पुरावा व्हता साहेब. तुमच्यासारख्याच साहेबानं टीव्हीवर सांगितलेलं. तो डिशवाल्यानं पुसला."

कारकुनाला हसू आलं. साहेबांना आलं नाही, पण ते पेन हातात घेऊन म्हणाले, "म्हणजे आज पुरावा नाही. तसं लिहितो. सह्या करा. तुम्हाला पलीकडे खाडीच्या बाजूला जागा मिळेल, यापेक्षा मोठी. आधी इथलं रिकामं करा, मग तिकडचा प्रस्ताव पाठवतो."

केसर सहीला उठलीसुद्धा. मोठी जागा म्हटल्यावर तिचे डोळे लकाकले. कृष्णाबाईने तिचा हात धरला तो इतका घट्ट की बांगडी पिचकली.

"बस खाली! मोठी जागा म्हनून आपलं व्हतं ते उचलू दिलं, तेच शुक्रवारी केलं ना मी? परत तेच करायचं? न्हाय साहेब. आदी आमाला तिकडची जागा दाखवा, तितं एक दिस बोंबील वाळून बघू द्या, मंगच हितली वलांडी निघंल. आनि 'पुरावा न्हाय' असं लिवू नका. 'व्हता' असं लिवा."

"आजी, होता असं लिहायला कोणीतरी बघितलेला लागतो. तुमच्याखेरीज, म्हणजे या जागेवर ज्याचं पोट नाही असा."

"मी बघितलाय," दारातून आवाज आला.

सदा होता. शिडी बाहेर, हातात हेल्मेट, शर्टाला ग्रीस. कृष्णाबाईने तोंड उघडलं, पण साहेबांनी हात वर केला आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला गप्प बसावं लागलं.

सदा म्हणाला, "साहेब, पुसायच्या आधी मी ते चालवून बघितलं. चुकून भलतंच जायला नको म्हणून. घरात चहा मिळाला, पितापिता सगळी वीस मिनिटं बघितली. वलांडी होत्या सोळा, दोन ओळीत. मावशी बोलत होत्या, आत्ता बोलतात तशाच. शेजारी साहेब होते, ते म्हणाले, ही जागा या भगिनींची, इथे दुसरं काही होणार नाही. आणि त्यांच्या मागे, चित्राच्या डाव्या कोपऱ्यात, पत्र्याचा बोर्ड होता. मासळी वाळवण क्षेत्र. खाली सिमेंटचा ओटा, त्यावर साल कोरलेलं. केवड्याच्या बेटाला लागून."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. बोर्ड? हो, होता की! कोणी लावला, कधी वादळात उडाला, कोणाला आठवत नव्हतं. दर शिमग्याला रेकॉर्डिंग बघितलं, पण स्वतःची तोंडं आणि साहेबांचं वाक्य सोडून कोणी दुसरं काही बघितलंच नव्हतं.

"एवढं कोपऱ्यातलं तुम्हाला दिसलं?" साहेबांनी विचारलं.

"आम्ही चित्र मधलं बघत नाही साहेब. सिग्नल कमजोर असला की आधी कोपरे फुटतात. आम्ही कोपरेच बघतो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, जबाब घेता येईल, जागेवर येऊन ओटाही बघता येईल. पण लेखी द्यावं लागेल, की गिऱ्हाइकाचं रेकॉर्डिंग तुम्ही चालवून बघितलंत आणि पुसलंत. "तुमच्या कंपनीला हे चालतं?"

"नाही चालत."

"मग विचार करा."

सदाने हेल्मेट बाकावर ठेवलं. "वीस वर्षं डबे बदलतोय साहेब. दर वेळी लोकांना सांगतो, नवा घ्या, जागा जास्त आहे. कोणाच्या पोराचं पहिलं गाणं गेलं, कोणाच्या बापाची मुलाखत गेली. लोक शिव्या देतात, मी निघून येतो. काय गेलं ते कुठेच लिहिलेलं नाही. हे एक तरी लिहा."

कारकुनाने कागद ओढला. साक्षीदाराचं पूर्ण नाव? सगळ्यांची उत्तरं आधी देणाऱ्या कृष्णाबाईने याही वेळी तोंड उघडलं, आणि तिला कळलं की तिला येत नाही. दहा वर्षं हा माणूस तिच्या गच्चीवर चढत होता आणि ती त्याला डिशवाला म्हणत होती. "सदानंद रावजी शिगवण," तो म्हणाला आणि त्याने सही केली.

बाहेर व्हरांड्यात ती त्याच्यावर तुटून पडली. "एवढं पाठ व्हतं तर आदी का न्हाय बोललास मुडद्या? पाच दिस मी जळतेय!"

"मावशी, फोनवर बोलायला गेलो, बाजारात बोलायला गेलो, काल दारात आलो. तुम्ही बोलू दिलंत कुठे?"

तिला स्वतःचाच इतका संताप आला की तिथल्या तिथे थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

शुक्रवारी साहेब खळ्यावर आले. भावेशने केवड्याच्या बेटाशी फावडं घातलं. हातभर वाळूखाली काही नव्हतं, दोन हातांवरही नव्हतं, केसर पुन्हा रडायच्या बेतात आली, आणि मग फावडं खणकन वाजलं. बायांनी हातांनी वाळू उपसली. ओटा अर्धा फुटलेला होता, पण साल शाबूत होतं, अकरा वर्षांपूर्वीचं, आणि पत्र्याचा गंजलेला तुकडा त्यात अजून रुतलेला. साहेबांनी फोटो काढले, टेप लावून माप घेतलं आणि फाईलीत लिहिलं: जागेचा मासळी वाळवण्यासाठी वापर जुना आहे. वाहनतळाचा प्रस्ताव दुसऱ्या जागेसाठी परत पाठवावा. बायांनी ओरडून खळं डोक्यावर घेतलं.

तेवढ्यात सदाचा फोन वाजला. तो जरा बाजूला गेला, नुसतं "हो शेट, हो शेट" म्हणत राहिला. परत आला तेव्हा चेहरा उतरलेला. एजन्सीवाल्याला जबाबाची खबर लागली होती. गिऱ्हाइकांची रेकॉर्डिंग उघडून बघणारा माणूस कंपनीला नको. हत्यारांची बॅग आणि सिग्नलचा मीटर आजच जमा कर.

"दे तो फोन," कृष्णाबाई म्हणाली.

"जाऊ दे मावशी."

"दे म्हनते ना!"

तिने फोन हिसकावला आणि शेवटचा नंबर लावायला अमिषापुढे धरला. पलीकडून हॅलो आल्याबरोबर तिचा आवाज केवड्याच्या बेटापासून पार बोटींपर्यंत गेला.

"मी खारवाडीची कृष्णाबाय बोलतेय. तुझा टीबीचा डबा मी आज बाजारात आनून तुझ्या काउंटरवर आपटनार हाय. माझ्यामागं सात बाया त्यांचे डबे घेऊन हायत, आनि आमच्यामागं अख्खी खारवाडी येल. तुझा डबा आमचं पुसतो तेवा नियम, आनि तुझा मानूस खरं बोलला तेवा गुन्हा? आँ? कोन डिशवाला? नाव घे त्याचं नीट! सदानंद रावजी शिगवण. लिवून घे. तो घरी बसला तर तुझा एक डबा या किनाऱ्यावर लागनार न्हाय. समजलं? आता हो म्हन, न्हायतर मी येते."

मग एजन्सीवाला चाचरत म्हणाला, बघू, दोन दिवस जाऊ देत, बॅग राहू दे त्याच्याकडेच.

"बघू न्हाय. हो."

"हो, आजी."

तिने फोन सदाच्या हातात दिला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "हुबा काय ऱ्हायलास? ऊन चाललंय. ती टोपली धर आनि बोंबील काढ. काढ म्हंजे उतरव, सदानंद. फेकू नको."